सीटवर मारलेला गोल

आमच्या घरचं भात दिवाळीनंतर फार टिकायचं नाही. नाचणीची भाकरी बांधून मी हिर्डोशीहून भोरच्या कॉलेजला जायचो. एसटीत रोज एक म्हातारबाबा भेटायचे. गावच्या फुटबॉल क्लबानं भोरकरांना कसं हरवलं ते सांगताना गोल आला, की पुढच्या सीटला लाथ बसायची.

"आबा, माझी पाठ हाय ती," पुढच्या सीटवर बसलेले त्यांचे एक दोस्त म्हणायचे. "आन् गोल दोनच झालते."

"तिसऱ्याला तू च्या पीत व्हतास."

एका वर्षी मी नापास झालो आणि एसटीत आबांना कॉलेज सोडतोय म्हणालो. लाथ थांबली.

"आमी डोंगरउतारावरच्या भातखाचरात खेळायचो, पोरा. बांधावरनं चेंडू गेला, की चार खाचरं उतरून आणायचा. म्हणून सपाटीला भोरकर दमले, आमी न्हाई."

मी पुन्हा परीक्षेला बसलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो.