तीन वाजायच्या आतला फोटो

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मला कोणी केलं नाही. ग्रुप मीच काढला, ॲडमिन मीच झालो आणि मला काढायचं कसं हे कुणाला ठाऊक नसल्यामुळे आजवर टिकून आहे. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर चुका काढायला वह्या लागतात. माझी ती सोय ग्रुपवर होते.

ग्रुपच्या माथ्यावर मी नियम लिहून ठेवले होते. अफवा पुढे ढकलू नये. न वाचता अंगठा दाखवू नये. आणि माझा लाडका नियम : स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाबद्दल काही लिहू नये. हा नियम मी काटेकोर पाळत आलो. पुढचा सगळा घोळ तो पाळल्यामुळेच झाला.

त्या वर्षी लोणावळ्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकेतल्या पाच-सहा देशांची तरुण मंडळी आली होती. पंधरा दिवसांचं शिबिर होतं. विषय असा, की राजकारणात भाग घेताना समाजमाध्यमं जबाबदारीनं कशी वापरावीत. केंद्रवाल्यांना इंग्रजी आणि गाव दोन्ही येणारा स्थानिक माणूस हवा होता. मला इंग्रजी व्याकरणापुरतं येतं आणि गाव ग्रुपपुरतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी मी पाऊण तास भाषण ठोकलं. माझे नियम फळ्यावर लिहिले. मंडळींनी ते उतरवून घेतले. मलावीहून आलेल्या एका मुलीनं मात्र हात वर करून विचारलं, की डोळ्यांनी पाहिलेलं पुरतं का? मी म्हणालो, त्याहून मोठा पुरावा कुठला? तिनं तेही उतरवून घेतलं. माझा समज असा झाला, की पटलं.

आमच्या गावात तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव होता आणि गावातल्या जाणत्यांना तो बिनविरोध हवा होता. बाईसुद्धा त्यांनी ठरवून ठेवली होती. तेवढ्यात गिरणीवाल्या भाभीनं अर्ज भरला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. नवरा टेम्पोवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. गिरणी हीच चालवते. गावात मुसलमानांची चार घरं, त्यामुळे तिचा अर्ज टिकणार नाही असं सगळे धरून चालले होते. पण शेजारचे आबा तिचे सूचक झाले. अर्जावर अंगठा उमटवला म्हणून आबांच्या भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस रोज कुणी ना कुणी गिरणीत जाऊन माघार घे म्हणून तिला समजावत होतं. दळण ठेवायचं, समजवायचं, पीठ घेऊन जायचं. ती दळण दळून द्यायची, बाकीचं ऐकून घ्यायची.

माघारीच्या दिवशी मी पाहुण्यांना वडगावला तहसील कचेरीत घेऊन गेलो. म्हटलं, आमची लोकशाही बघा. व्हरांड्यातून आतलं टेबल दिसत होतं. टेबलापुढे रांग, आणि रांगेत भाभी, हातात कागद. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला वीस मिनिटं होती आणि माघारीची मुदत तीनची.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच वेळी मला एक विषयही मिळाला. मी पाहुण्यांकडे वळून, खेड्यातल्या बाईवर किती बाजूंनी दबाव येतो यावर हलक्या आवाजात बोलायला लागलो. चांगलं बोललो. एकानं डोळे पुसले. मग मी फोन काढला, फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ‘आपल्या वॉर्डातून भाभींची माघार. निवडणूक बिनविरोध. झाले ते जड अंतःकरणाने स्वीकारू या.’ जड अंतःकरण माझं होतं, ते मी सगळ्या गावाच्या नावावर चढवलं.

मलावीची मुलगी माझ्या खांद्याशी उभी होती. काय लिहिलं म्हणून तिनं विचारलं, मी अभिमानानं इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही त्यांना विचारलंत?”

मी म्हणालो, विचारायचं काय, मी दहावीला शिकवलंय तिला.

“त्या दहा पावलांवर आहेत,” ती म्हणाली.

तिनं सांगितलं, तिच्या गावाकडे तिनं आणि मित्रमंडळींनी आपसात एक शिरस्ता ठेवला होता, की फोटोत जो दिसतो त्याला खालची ओळ आधी वाचून दाखवायची. मला ते गोड वाटलं. लहान देश, लहान ग्रुप, जमत असेल, असं मनात म्हणून मी सगळ्यांना वडापाव खायला नेलं.

आता त्या टेबलाची गोष्ट सांगतो, जी मला सोडून कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होती. टेबल एकच असतं. तीनच्या आत तिथं माघार होते आणि तीननंतर तिथंच राहिलेल्या उमेदवारांना चिन्हं मिळतात. भाभीची बस लवकर पोचली होती. ती चिन्हासाठी आधीच नंबर धरून उभी होती, आणि तिच्या हातातला कागद अर्जाची पोच होती. तीन वाजून गेल्यावर तिला कपबशी मिळाली. तेव्हा मी दुसऱ्या वडापावला मिरची मागत होतो.

संध्याकाळी घरी आलो तर भाभी ओट्यावर बसलेली. बायकोनं तिला चहा दिला होता, तो तसाच होता. मी चपला काढतोय तोवर ती शांतपणे म्हणाली, “सर, मी माघार घेतली व्हय?”

एवढ्या वर्षांत वर्गात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता.

तिनं सांगितलं ते असं. बसमधून उतरली तर समोरच्या उमेदवारीणबाईंच्या दारात गुलाल. ज्या बायका कालपर्यंत कानात “आमी हाय तुज्यासंगं” म्हणत होत्या, त्या तोंड फिरवून गेल्या. आणि आबा गिरणीत आले, आपलं तांदळाचं दळण नंबरातून उचललं आणि न दळताच घेऊन गेले. बाकीचं तिनं सहन केलं असतं. “आबांनी माज्यासाटी भावकी सोडली, सर,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं मी इकडं त्यांचा अंगठा घेतला आन् तिकडं जाऊन इमान इकलं.”

मी ताबडतोब उपाय केला. फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. पाच मिनिटांत ग्रुपवर चर्चा, की सरांवर दबाव आला, खरी बातमी काढायला लावली. मग मी खुलासा लिहिला. तो इतका सविस्तर झाला, की कायद्याची बाजू, टेबलाची रचना, माझी मनःस्थिती, सगळं आलं. त्यावर सात जणांनी हात जोडले, एकानं ‘शुभ रात्री’ म्हटलं आणि एकानं भाभीला श्रद्धांजली वाहिली. तो कधीच काही वाचत नाही. तोवर माझा फोटो आणखी तीन ग्रुपांवर फिरून, वरती लाल अक्षरं चढवून, माझ्याकडेच परत आला. खाली लिहिलं होतं : खात्रीलायक सूत्र. ते सूत्र म्हणजे मी.

बायको एवढंच म्हणाली, “अहो, आता फोन ठेवा आणि पाय वापरा.”

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो, तर भाभीनं त्याहून नेमकी शिक्षा सांगितली. गावातलं प्रत्येक घर कधी ना कधी दळायला येतं आणि दळण होईस्तोवर हलत नाही. मतदानाला दहा दिवस होते. “तुमी हितं बसायचं,” ती म्हणाली, “आन् येईल त्याला सोताच्या तोंडानं सांगायचं. माजं कुणी ऐकंना. तुमच्यावर इस्वास हाय लोकांचा.” ते वाक्य कौतुकाचं नव्हतं, हे मला घरी जाऊन कळलं.

मी बसलो. गिरणी चालू असली की कानाशी ओरडावं लागतं. “भाभींनी माघार घेतलेली नाही, चूक माझी,” हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा ओरडलं की त्यातला साहित्यिक भाग गळून पडतो. चौथ्या दिवसापर्यंत ते ‘चूक माझी’ एवढंच उरलं. माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. एका म्हातारीनं मला भाभीचा सासरा समजून पदर सावरला. दुसरी म्हणाली, “सर, शाळेत तुमी पोरांना अंगठं धरून उभं करायचा, त्यापरीस ह्ये बरं हाय.”

सहाव्या दिवशी आबा आले. हातात तेच तांदूळ. भाभीनं पट्टा बंद केला. गिरणी थांबली तरी सवयीनं माझा ‘आबा’ ओरडूनच निघाला. मग आवाज उतरवून म्हणालो, “तिनं माघार घेतलेली नाही. मी विचारलं नाही. बघितलं आणि लिहिलं.”

“सर, आमी अंगठाछाप,” आबा म्हणाले. “आमाला वाचून दाखवावं लागतं, म्हनून आमी दहा वेळा इच्यारतो. तुमाला लिवता येतं, त्याचा ह्यो घोळ.” मग त्यांनी तांदळाचा डबा भाभीपुढे ठेवला. “दळ गं.”

शिबिराची मंडळी परत जायच्या आधी गावभेटीला आली, तेव्हा मी असाच पिठात माखून बसलेला होतो. फळ्यावरचा तज्ज्ञ तो हाच, हे ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मलावीची मुलगी हसली नाही, ते मला जास्त लागलं. तिनं भाभीला आणि मला विचारून आमचा गिरणीतला फोटो घेतला.

मतदान झालं. मतमोजणीला वडगावला जाताना भाभीनं माझा फोन बायकोपाशी ठेवायला लावला. ती सात मतांनी पडली.

परतीच्या बसमध्ये मी मनात घरं मोजत होतो. दळण कामशेतहून आणणारी घरं, पुण्याला नोकरीला असलेली आणि फक्त मतदानापुरती आलेली पोरं, माझा फोटो बघितलेली आणि माझं तोंड न बघितलेली. सातापर्यंत पोचायला फार वेळ लागत नव्हता.

तीन दिवसांनी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. माफीचं पाठ करून नेलं होतं. दुसऱ्याच वाक्याला तिनं हात वर केला.

“सर, मी पडले ती समदी तुमच्यामुळं, असं समजू नका. तेवढं मोठं न्हाई तुमी.” मग चाळणी झटकत म्हणाली, “थोडं झालं आसंल. किती, त्ये तुमाला बी ठावं न्हाई आन् मला बी न्हाई. तेवढं घिऊन ऱ्हावा.”

ते घेऊनच राहतोय.

महिन्याभरानं मलावीहून निरोप आला. तिकडे त्यांच्या निवडणुकीआधी ती तरुण मुलांशी बोलणार होती आणि आमची गोष्ट गिरणीतल्या फोटोसकट सांगू का, असं विचारत होती. खाली लिहायची ओळही तिनं पाठवली होती. मी ती घेऊन भाभीकडे गेलो, मराठी करून सांगितली : या गावात एका शिक्षकाने चुकीची बातमी पसरवली आणि दहा दिवस बसून ती निस्तरली.

भाभीनं फोटो निरखून बघितला. माझ्या भुवयांवर थोडं हसली. “पोरीनं इच्यारलं, त्ये बेस केलं,” ती म्हणाली. “पर माजं कायच लिवलं न्हाई तिनं. लिव म्हनावं, ह्या बाईनं अजून माघार घेतलेली न्हाई.”

मी लिहिलं. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. चूक नको म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा तिनं गिरणी चालू केली.