केशरी रंगाखालचं पाणी

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. पण उमैमाच म्हणाली, "लिही गं, माझं नाव घालून लिही."

वाळवंटाकाठच्या आमच्या जरीद भागातल्या खजुराच्या बागांना बावीस वर्षं अम्म लझहर पाणी सोडायचे. अम्म म्हणजे काका, सगळ्या गावाचेच. पंप एकच, रोज दहा तास. काही तास पूर्वेच्या बागांना, काही पश्चिमेच्या, आणि हिशोब पेन्सिलीने वहीत. यंदा पूर्वेचे खजूर सुकले. पश्चिमेला काकांच्या पुतण्यांच्या बागा, मग काय, कुजबुज सुरू!

आमच्याच गावची उमैमा सुट्टीला आलेली, कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. वहीतले आकडे तिने 'आर' नावाच्या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये टाकले, एरिया चार्ट म्हणजे रंग भरलेला आलेख काढला आणि शुक्रवारच्या नमाजानंतर पाणीसभेत भिंतीवर दाखवला. पूर्वेचा हिरवा रंग पाच तासांपर्यंत, पश्चिमेचा केशरी थेट दहावर.

"दुप्पट!" कुणीतरी ओरडलं. "पुतण्यांची तहान भारीच हो, अम्म लझहर!"

काका भिंतीजवळ गेले. "पोरी, पंपच दहा तास चालतो. पश्चिमेला दहा दिले, तर पूर्वेचे पाच मी आणले कुठून?"

एवढा सरळ प्रश्न. आणि ही म्हणाली, "काका, कॉम्प्युटरला पुतणे नसतात."

सगळे खो खो हसले. काकांनी व्हॉल्व्हची किल्ली सभेचे प्रमुख हाज तिजानींपुढे ठेवली आणि निघून गेले.

घरी जेवताना तिने काकांचा प्रश्न मनात पुन्हा मांडून पाहिला. ताट तसंच ठेवून लॅपटॉप उघडला. वेगळं सांगितलं नाही तर 'आर' रंग एकावर एक रचतं! केशरी शून्यापासून सुरूच नव्हता, हिरव्याच्या डोक्यावर बसला होता. दहा म्हणजे दोघांची बेरीज. तिने पोझिशन 'आयडेंटिटी' केली, म्हणजे प्रत्येक रंग शून्यापासूनच सुरू होईल, मागचा दिसावा म्हणून रंग विरळ केले. केशरी खाली उतरला. दोन्ही जवळजवळ सारखे. ऑगस्टमध्ये तर पुतण्यांनाच कमी.

एका शब्दाची चूक. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी तिने नवा चार्ट लावला. "वही बरोबर होती. चुकले मी." कुणी मान वर करेना. तिजानी तिला घेऊन, किल्ली घेऊन काकांच्या दारात गेले.

काका म्हणाले, "पोरीचं राहू दे, ती शिकतेय. तुम्ही तर मला बावीस वर्षं ओळखता ना, हाज?"

किल्ली घेतली नाही. पायरीवर रडणाऱ्या उमैमाला मात्र चहा दिला.

काका आता कॅफेत येत नाहीत. त्या दिवशी हसलेल्यांत मीही होते. गावकऱ्यांनो, आपण सगळेच होतो. किल्लीचा विषय काढू नका, नुसतं त्यांच्याजवळ जाऊन बसा. याच आठवड्यात जा, प्लीज.