कोमट पाण्यातला बाळकृष्ण

शेजारच्या सुमनकाकूंनी आज देव पाण्यात ठेवले. काकांचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. मुलगा दवाखान्यात, काकू घरी. काका सुखरूप बाहेर येईपर्यंत पितळेच्या बाळकृष्णाने पातेल्यातच बसायचं, अशी त्याला शिक्षा! सोबतीला म्हणून मी गेलो, तर काकू पातेल्यात गरम पाणी ओतत होत्या.

"काकू, हा धाक आहे की अंघोळ?"

"हसतोस काय मेल्या! पाणी गार पडलं होतं. सर्दी झाली म्हणजे त्याला?"

मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. देवाशी भांडावं तर असं, बोट बुडवून पाणी कोमट आहे ना हे बघत!

दुपार उलटली, तरी फोन नाही. काकू पाण्याकडे एकटक बघत होत्या. अचानक त्यांनी बाळकृष्णाला बाहेर काढलं.

"अहो, अजून निरोप कुठे आलाय?"

"नसू दे. मला कळत नाही म्हणून त्याला कशाला भिजत ठेवू? त्याला कळतंय ना सगळं."

पदराने त्या त्याचे कान पुसत राहिल्या.

एरवी देवाधर्माची यथेच्छ टिंगल करणारा मी, गुपचूप उठलो आणि पंखा बंद केला.