ठकीबाईच्या बोटांची भाकरी

जव्हारहून सायकलवर मोखाड्याला जायचं आणि परत यायचं, एवढीच आमची शर्यत. सकाळी सुटते, जेवणाच्या वेळेला संपते. पण तिचे किस्से! घरी पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत आमचा एक सांगून होतो, आणि चहा पिताना पाहुणा त्याचा एक सांगतो. असे इतके साठलेत की कुठला कुठल्या वर्षीचा यावरून आमच्याकडे भांडणं होतात. म्हणून मी वर्षं सांगतच नाही.

माझे वडील, अण्णा, संस्थानच्या शाळेत मास्तर. शर्यतीच्या दिवशी ते वडाखाली टेबल मांडून बसतात आणि परत आलेल्या प्रत्येकाचं नाव लाल बांधणीच्या वहीत लिहितात. ओळखीचा माणूस असला तरी मान वर न करता विचारतात, "नाव?" एकदा माझ्या सख्ख्या काकांनाच विचारलं! काका चिडले. अण्णा म्हणाले, "वहीला काका नसतो."

ती वही मी पाढ्यांसारखी पाठ केली होती. लहान असताना एकदा विचारलं, "अण्णा, यात माझं नाव कधी येणार?" शेजारी कमिटीचे चेअरमन तात्या बसले होते. तेच बोलले, "मुलींची नावं नसतात हो बाळ या वहीत!" अण्णांनी वहीचं पान उलटलं. मला तात्यांचा राग आला, आणि अण्णांचा त्याहून जास्त!

*

पहिल्या वर्षी एक गडी इतरांच्या कितीतरी आधी परत आला. श्वास शांत, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"दमला नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"सवय आहे, मास्तर!"

तो पहिल्या नंबरचा फेटा बांधून घ्यायला वळला, तर पाठभर भाताचा पेंढा! पहिल्याच वळणावरच्या खळ्यात झोप काढून आला होता.

*

मग पुरावा हवा झाला. तात्यांनी मोखाड्याला सहीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. स्वारांनी त्या बंडीच्या खिशात घातल्या. घाट चढून उतरेपर्यंत घामाने सगळ्यांच्या सह्या सारख्याच, निळा डाग!

तेव्हा सायकली दुरुस्त करणारा सदू मिस्त्री म्हणाला, "मोखाड्यात शिरताना ठकीबाईचं घर आहे. तिला लिहिता येत नाही, पण तिची नागलीची भाकरी दुसऱ्या कुणाला जमायची नाही." ठकीबाई भाकरी थापून झाली की तिच्यावर पाच बोटं उमटवते. करंगळीला कधीतरी विळा लागलेला, म्हणून पाचवी खूण वाकडी.

"दरबारच्या गावात पुरावा म्हणून भाकरी?" तात्या ओरडले. पण दुसरं काही कुणाला सुचेना. तेव्हापासून प्रत्येकाने ठकीबाईची भाकरी घ्यायची आणि आख्खी परत आणायची.

*

दाभोशाचा लक्ष्मण त्या वर्षी सगळ्यांच्या पुढे आला. रिकाम्या हाताने!

"भाकरी?"

"खाल्ली."

"कुठे?"

"घाटात. चढ होता, मास्तर."

कमिटी संध्याकाळपर्यंत भांडली. कुणीतरी जाऊन ठकीबाईचा निरोप आणला, "त्याला मी दिलीय. भाकरी खायला नाय तर काय पूजायला थापते?" तरी अण्णांनी नाव लिहिलं नाही. "पुरावा नाही, नाव नाही." आणि लक्ष्मणला जेवायला घरी घेऊन आले! आईने वाढलेल्या भाकऱ्या तो कुणाकडेही न बघता खात होता.

पुढच्या वर्षी लक्ष्मणने आख्खी भाकरी टेबलावर ठेवली. अण्णांनी नाव लिहिलं. शाई वाळायच्या आत त्याने भाकरी संपवली.

*

एकदा तात्यांनी शर्यतीचं उद्घाटन सायकलवर बसून करायचं ठरवलं. ब्रेक कुठे असतो हे विचारणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. उतारावरून सुटले ते थेट बाजारातल्या बांबूच्या टोपल्यांत! डोक्यावर पगडीऐवजी टोपली. आतून आवाज आला, "शर्यत सुरू झाली असं मी जाहीर करतो!"

*

सदू मिस्त्री दर वर्षी शर्यतीत उतरतो आणि दर वर्षी शेवटचा येतो, कारण वाटेत सगळ्यांची पंक्चरं तोच काढतो.

मी म्हटलं, "मिस्त्री, एकदा तरी पुढे जा ना!"

"पुढे गेलो तर पंक्चर मागे राहतं, ताई."

वहीतली निम्मी नावं या माणसामुळे आहेत. त्याला फेटा बांधायचं कमिटीच्या अजून डोक्यात आलेलं नाही.

*

पुण्याला कॉलेजात मी सायकल शिकले. गेल्या खेपेला सुट्टीत आले ती थेट तात्यांकडे गेले, नाव द्यायला.

"नियमात बसत नाही."

"नियम दाखवा."

"लिहिलेले नसतात बाळ, समजून घ्यायचे असतात."

अण्णा शेजारीच होते. त्यांनी चष्मा पुसला. बस, एवढंच! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शर्यतीच्या सकाळी दारात सदू मिस्त्री उभा. त्याची स्वतःची सायकल, चेनला तेल घातलेलं, सीट माझ्या उंचीला उतरवलेलं.

"आणि तुम्ही?"

"मी पंप घेऊन चालत येतो. या वर्षी पंक्चरं जवळपासच करा म्हणावं."

सगळे सुटल्यावर मी सुटले. घाटात पडले, गुडघा फुटला. ठकीबाईने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

"जव्हारच्या मास्तरांची."

तिने नवं पीठ मळायला घेतलं. मी म्हटलं, उशीर होतोय, ती भाजून ठेवलेलीच दे!

"थांब! पहिल्यांदा आलीस, गार देऊ काय?"

पळसाच्या पानात गुंडाळलेली ती गरम भाकरी मी पोटाशी बांधली. परतीच्या चढावर तिचा वास येत राहिला. लक्ष्मणला मी त्या क्षणी मनापासून माफ केलं. पण खाल्ली नाही.

वडाखाली पोचले तेव्हा बरेच जण घरी गेले होते. माझ्या मागे अजून दोघे होते, हेही सांगते! मी पान टेबलावर ठेवलं. तात्या उठून उभे राहिले. "मास्तर, ही शर्यतीत नव्हती!"

अण्णांनी पान उलगडलं. भाकरीवरच्या एकेका खुणेवर बोट ठेवत गेले. पाचव्या, वाकड्या खुणेवर जरा जास्त थांबले. मग वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि मान वर न करता विचारलं,

"नाव?"