वेबसाइटची दृष्ट

समुद्राकाठी राहून फोन-लॅपटॉप सांभाळणं म्हणजे नुसता वैताग. चार्जरच्या पिनेवर हिरवा गंज चढतो, लॅपटॉपचं एखादं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. थळजवळच्या आमच्या गावात खारा वारा कुठूनही घरात शिरतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, फोन हवाबंद डब्यात ठेवत जा." अरे बाबा, मग बोलू कशी? बरणीत तोंड घालून?

असल्या कटकटी लिहायला मी स्वतःची वेबसाइट काढली. वाचणारे मोजकेच, तेही बहुतेक नात्यातले. पण ती माझी आहे. घरातले टीव्हीसमोर बसले की मी तिथे जाऊन बसते.

गेल्या हंगामात माझ्या आत्तेभावाने नवी होडी घेतली. निळी-पिवळी, पुढे झेंडूची माळ. किनाऱ्यावर उभी होती तेव्हा मी झकास फोटो काढला आणि वेबसाइटवर लावला. खाली भरभरून लिहिलं, लोकांनीही वा वा केली. आता, नव्या होडीची पहिली मासळी देवीला दाखवेपर्यंत आमच्यात तिचं कौतुक करत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण ते तोंडाने करायचं नाही असं ठाऊक! वेबसाइटवर करायचं नाही, असं कुणी सांगितलं होतं?

होडी पहिल्यांदाच लांब गेली आणि ठरल्या दिवशी परतली नाही. बरोबरच्या सगळ्या आल्या. त्याचा फोन लागेना. दुपारी आत्या माझ्या दारात उभी. नवरा गेल्यावर मासळी विकून तिने हा एकुलता पोरगा वाढवला. बाजारात तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही. त्या दिवशी तिने माझ्यापुढे हात जोडले.

"तो फोटो काढून टाक गो. आधी काढ."

मी तडकले. "आत्या, फोटोने काय होतंय? इंजिन बंद पडलं असेल. येईल तो."

"तुला काढायला काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? काढून टाकला. पण तिच्या फोनवर होडी दिसतच राहिली. फोनने जुनं पान साठवून ठेवलंय, वेबसाइटवर आता काही नाही, असं मी घसा फोडून सांगितलं. ती ऐकतेय होय!

"खोटं बोलतंस. मग ही काय हाय?"

शेवटी तिच्या फोनमधलं साठवलेलं सगळं पुसलं. माझ्याकडचा मूळ फोटोही तिच्या डोळ्यांदेखत उडवला. तरी समाधान नाही. तिने पदराची गाठ सोडली, मीठ-मिरच्या काढल्या, मला लॅपटॉप उघडायला लावला आणि वेबसाइटवरून उतरवल्या. मिठाचे खडे बटणांत गेले. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण मी लॅपटॉप तिच्यापुढे आणखी सरकवला.

मिरच्या गॅसवर जाळल्या. ठसका आला नाही तर दृष्ट होती असं समजतात. ठसका आला नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खिडकी उघडी आहे, वारा सुटलाय, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी उठून गॅस बंद केला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. डिझेलमध्ये पाणी जाऊन इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या एका होडीने ओढत मांडव्याला आणून सोडलं. स्वारी आईला विचारत होती, जेवायला काय हाय म्हणून. आत्याने फोनवरच त्याला चार शिव्या हासडल्या.

दुसऱ्या दिवशी ती कोलंबी घेऊन आली. माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तू फोटो काढून टाकलास म्हणून आला गो माझा पोरगा."

झालं. आता काय बोलायचं? फोटोचा काही संबंध नाही म्हणावं, तर काल ती ज्याच्या आधारावर तग धरून होती तेच हातातून काढून घ्यायचं. हो म्हणावं, तर फोटो काढून टाकून मी त्याला परत आणला, म्हणजे तो लावून मीच त्याला अडकवला असंही झालं. 

"चुकलं माझं, आत्या," मी म्हणाले. "रागावली होतीस ना?"

"व्हय तर. तो आला नसता ना, तर जन्मात तुझं तोंड पाह्यलं नसतं मी."

हे तिने अगदी सरळ सांगितलं. मग पाट ओढला, कोलंबी पुढ्यात घेतली आणि म्हणाली, "ये, बस. दोघी मिळून सोलू."