आमच्या रिटर्न-बैठकीला संगणक आला तेव्हा

किस्से कोणी मुद्दाम जमवीत नसतो. चार माणसे दर शनिवारी एकाच टेबलाभोवती बसू लागली की ते आपोआप साठत जातात, आणि एके दिवशी ध्यानात येते की वाचनालयात पुस्तकांपेक्षा त्यांनीच अधिक जागा अडवली आहे.

मल्लेश्वरममधील आमच्या मराठी वाचनालयात यंदा नेमके हेच झाले. विषय होता प्राप्तिकर! प्राप्तिकरावर कोणी हसू शकेल अशी माझी कल्पना नव्हती. मी हसलोही नाही. मी थक्क होण्याचे काम केले, हसण्याचे इतरांनी.

प्रथम एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मी व्यवसायाने शिंपी. शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण ह्या वाचनालयाच्या कपाटांनी केले. ऐंशी ओलांडलेल्यांना कागदी रिटर्न भरण्याची मुभा आहे, आणि आमच्याकडे माझ्यासह असे नऊ सभासद आहेत. दरवर्षी जुलैतील एका रविवारी हे नऊ जण कागदपत्रे घेऊन येतात, आणि मी शाईच्या लेखणीने सर्वांचे अर्ज भरतो. नवांपैकी तिघे पदवीधर! पदवीधरांचे अर्ज चौथी पास शिंप्याने भरावेत, ह्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवीत नाही.

एप्रिलच्या सभेत आमची नवी चिटणीस मृणाल उठली. ही पुण्याहून आलेली, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली मुलगी. मला ती ‘आजोबा’ म्हणते. तो अधिकार मी तिला दिलेला नाही, पण काढूनही घेतलेला नाही.

"आजोबा, आता सगळं ऑनलाइन होतं. ज्यानं त्यानं घरी बसून भरावं. ही बैठक आपण बंदच करू या ना!"

"नारायणराव, तुमच्या लेखणीला पेन्शन!" गोविंदण्णा म्हणाले. हे माझे साठ वर्षांपासूनचे मित्र, नवांपैकीच एक. होसकोट्याला त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे.

मी उभा राहिलो. माझे रिटर्न मी स्वतः, कळफलकाला दुसऱ्या कोणाचाही हात लागू न देता, ऑनलाइन भरीन, असे मी सांगितले. साधले, तर बैठक चालू राहील. लेखणीऐवजी संगणक असेल, इतकेच. न साधले, तर सूचनाफलकावरून बैठकीची पाटी मी माझ्या हाताने उतरवीन.

सभेने टाळ्या वाजवल्या. त्या कोणत्या शक्यतेसाठी होत्या, हे मला आजही ठाऊक नाही!

*

वाचनालयाच्या संगणकापुढे बसलो, आणि पहिला धक्का पासवर्डचा. मी पुष्कळ विचार करून ज्या उस्तादांनी मला कात्री धरायला शिकवले त्यांचे संपूर्ण नाव टाईप केले. संगणकाने खाली तांबड्या अक्षरांत शेरा दिला: कमकुवत!

मी खुर्चीवरून उठलो. "ज्या माणसाने डोळे मिटून शेरवानी बेतली, तो कमकुवत?"

"आजोबा, तो उस्तादांना नाही म्हणत. त्याला एखादा अंक आणि चिन्ह हवं असतं."

"मग त्यांचे वय घाला आणि पुढे उद्गारचिन्ह द्या," गोविंदण्णांनी सुचवले. "माणूस तसा ओरडायचाच!"

अंक घातले, उद्गारचिन्ह दिले. शेरा हिरवा झाला. (तो पासवर्ड मी नंतर बदलला आहे, वाचकांनी प्रयत्न करू नये.)

*

सुमतीअक्का निवृत्त मुख्याध्यापिका. बनशंकरीहून मेट्रोने एकट्या येतात, वय त्र्याऐंशी. माझे पाहून त्यांनीही ऑनलाइन भरायचे ठरवले. खाते उघडताना त्यांच्या मोबाईलवर सहा आकडे आले.

"अक्का, ओटीपी सांगा," मृणाल म्हणाली.

अक्कांनी मोबाईल पदराखाली घेतला. "कोणालाही सांगू नका, असं इथे लिहिलंय."

"मला नका सांगू. वेबसाईटला सांगा."

"वेबसाईट ‘कोणालाही’मध्ये येत नाही का?"

ह्या प्रश्नावर एका संगणक-अभियंत्रीने कपाळाला हात लावलेला मी प्रत्यक्ष पाहिला! तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा आला, तोही चर्चेत गेला. तिसऱ्या वेळी अक्का स्वतः कळफलकापुढे बसल्या आणि आज्ञा झाली: "सगळ्यांनी कपाटांकडे तोंड करा!"

आम्ही तिघे, एकूण वय पावणेदोनशेहून अधिक, ज्ञानकोशाच्या खंडांकडे तोंड करून उभे राहिलो. मागे एका बोटाचा टकटक आवाज. खाते उघडले.

"आता वळा," अक्का म्हणाल्या. "गोविंदण्णा, तुम्ही मध्येच वळलात. मी पाहिलं."

*

गोविंदण्णांना थोडा कर भरायचा होता. पडद्यावर पैसे भरण्याचे मार्ग आले, आणि त्यांनी मृणालची उलटतपासणी सुरू केली.

"स्वल्प थांब. नेट बँकिंगनं भरले तर शिक्का कोण मारणार?"

"शिक्का नसतो, अण्णा. पावती स्क्रीनवर येते."

"कार्डानं?"

"तेच."

"यूपीआय?"

"सगळ्यांत सोपं! दुकानात तुम्ही रोज तेच घेता की."

"घेतो. पण आमच्या दुकानात पैसे आले की डबा ओरडून सांगतो. गिऱ्हाईक, मी, समोरचा चहावाला, सगळे साक्षीदार. सरकारच्या टेबलावर असा डबा आहे?"

"...नाही."

"मग त्यांना कळणार कसं?"

दीड तास मृणाल समजावीत होती. अण्णांनी ऐकून घेतले, "सरी, सरी" म्हटले, आणि शेवटी सर्वांत खालच्या मार्गावर बोट ठेवले: बँकेच्या काउंटरवर! चलन संगणकावर निघाले, छापले गेले, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा रांगेत उभे राहून रोख पैसे भरून आले. शिक्का मारलेली प्रत त्यांनी मृणालच्या पुढे धरली.

"बघ! ऑनलाइन भरले!"

*

माझे रिटर्न जूनअखेर पूर्ण झाले. अकरा बैठका लागल्या. कळफलकाला दुसऱ्याचा हात लागला नाही. मृणालने दोन वेळा पुढे केलेला हात मी पट्टीने अडवला.

उरली पडताळणी. तिचेही मार्ग निघाले: आधारचा ओटीपी, बँकेचे खाते, अथवा पोचपावती छापून, सही करून पाठवणे. सही! मी क्षणभरही विचार केला नाही. सहीवाचून कागद म्हणजे काजाविना कोट.

पाठवायचे कोठे, ते पाहिले, आणि पत्ता मी पुन्हा एकदा वाचला. साऱ्या देशाच्या पोचपावत्या आमच्याच बंगळूरला येतात! काश्मीरचा मनुष्य पोस्टाने पाठवीत असेल. आम्ही पोस्टाला का त्रास द्यावा? मी इस्त्रीचा कोट घातला, गोविंदण्णांना घेतले, आणि रिक्षाने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या कार्यालयाच्या फाटकाशी उतरलो.

पहारेकऱ्याने लिफाफा पाहिला आणि हात जोडले. "हातानं घेत नाहीत. पोस्ट माडि, सार्!"

"पोस्टाने कोठे पाठवू?"

त्याने बोटाने स्वतःच्या पायांखालची जमीन दाखवली. "इल्लिगे!"

त्याच रस्त्यावर पोस्ट ऑफिस होते. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला, मग खिडकीबाहेर वाकून ते फाटक पाहिले, मग माझा कोट पाहिला.

"सार्, चालत गेलात तर लवकर पोचेल."

"बाई," मी म्हणालो, "आम्ही तेथूनच चालत आलो आहोत."

*

आता प्रश्न असा, की मी पैज जिंकलो की हरलो? शेवट पोस्टाने झाला, म्हणजे ते ऑनलाइन कसे, असा आक्षेप निघाला. निघाला तो गोविंदण्णांकडून, हे विशेष!

निकाल देण्याचे काम सुमतीअक्कांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. "अट कळफलकाची होती. ती पाळली. उत्तीर्ण."

मी मान लववली.

"काठावर," अक्का म्हणाल्या.

*

जुलैतला तो रविवार आला. मी नऊ वाजता वाचनालय उघडले, संगणक सुरू केला, लेखणी कपाटात ठेवली, फिल्टर कॉफीचा थर्मास भरून आणला. पाटी फलकावर होती. बैठक मी राखली होती.

दहा वाजले. अकरा वाजले. गोविंदण्णा आणि सुमतीअक्का आले, पण त्यांची रिटर्न आधीच भरून झालेली. ते कॉफीसाठी आले होते. उरलेल्या सहांपैकी चौघांनी फोनवर कळवले की सुनेने भरले, जावयाने भरले, नातीने भरले. दोघांनी तेवढेही कळवले नाही.

"पाटी उतरवायची का?" गोविंदण्णांनी विचारले. ह्या खेपेस ते हसत नव्हते.

मी उठलो. स्टूल फलकाखाली ओढले, त्यावर एक पाय ठेवला, तोच दार उघडले.

मृणाल आत आली. काखेत एक जाड फाईल, केस विस्कटलेले, चेहरा परीक्षेला उशीर झालेल्या मुलीसारखा. तिने आम्हा तिघांकडे पाहिले, मग संगणकासमोरची रिकामी खुर्ची ओढून तीवर बसली.

"आजोबा, कोणाला सांगणार नसाल तर एक सांगते," ती म्हणाली. "माझं रिटर्न नोकरीला लागल्यापासून बाबाच भरतात. यंदा म्हणाले, तू आता लोकांना शिकवतेस, तुझं तू भर. आणि पासवर्ड पुण्याला त्यांच्या वहीत आहे!"