गुरुजींना आधी जाऊ द्या

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली गेली आणि दोन्ही वेळा दोष माझ्या रक्तदाबाचा होता. साठी उलटल्यावर लेखनाला बसलेल्या माणसाला स्वतःचेच अक्षर दिसेनासे झाले होते. वाचकांचे त्यात काही नुकसान नव्हते, माझे होते. शल्यविशारदांनी बजावले, "रक्तदाब आटोक्यात आल्याची चिठ्ठी गावच्या डॉक्टरांकडून आणा, मगच तारीख."

गावात, म्हणजे मुरुममध्ये, मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. त्यामुळे दवाखान्यात पाऊल टाकताच बाकावरून कोणीतरी उठून ओरडे, "गुरुजींना आधी जाऊ द्या रं!" मग साऱ्या रुग्णांच्या नजरा झेलत मी थेट डॉक्टरीणबाईंसमोरच्या स्टुलावर. दंडाला पट्टा आवळला जाई आणि पारा चढे.

संकट दिसताच अनुकंपी चेतासंस्था हृदयाची गती वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते, रक्तदाब वाढतो. माणसाने लढावे किंवा पळावे, यासाठी ही सिद्धता. फळ्यावर ही आकृती मी असंख्य वेळा काढली. स्वतः मात्र एवढी फौज उभी करून मी पुटपुटत असे, "नको, तुमचं आधी होऊ द्या." तेही कोणाला ऐकू जात नसे.

"सर, घरी मोजता तेव्हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बराच कमी असतो."

"इथं आल्यावर थोडा वेळ बसता का?"

"बसू देतात कुठं?"

त्या हसल्या. "पुढच्या खेपेला नंबरानं या. शांत बसल्याशिवाय घेतलेला आकडा मी धरणार न्हाय."

पुढच्या खेपेला दारातच एक वयोवृद्ध शेतकरी उठून उभे राहिले. "या गुरुजी, म्होरं व्हा."

"मी बसतो."

"तुमी बसायचं अन् आमी जायचं? पाप लावता व्हय आमाला?"

"मी नंबरानेच जाणार!"

आवाज थेट वर्गातला निघाला. एक रडते मूलही गप्प झाले. त्या क्षणी दंडाला पट्टा असता, तर शस्त्रक्रिया कायमचीच रद्द झाली असती. मी बाकाच्या टोकाला टेकलो. शेजारच्या आजी आपल्या गुडघ्यांची कथा सांगू लागल्या. त्यांना उत्तराची अपेक्षा नव्हती. हळूहळू सगळे मला विसरले. लेखक म्हणून विसरले जाण्याचा मला दांडगा सराव आहे. छातीतली धडधड ओसरली.

"आज ठीक आहे," पट्टा सोडत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चिठ्ठी देते. पण सर, गोळी चालूच ठेवायची. सगळा दोष काय बाकावरच्या माणसांचा न्हाय."

बाहेर ते शेतकरी औषधाच्या दुकानापाशी उभे होते; माझ्या चिठ्ठीची बातमी गावात कधीच पसरली होती. "गावली का चिठ्ठी?"

"मिळाली."

"लई ब्येस! सरका रं, गुरुजींना आधी गोळ्या घेऊ द्या."

माणसे बाजूला झाली. हृदय पुन्हा दौडू लागले. मी निमूटपणे पुढे झालो.